मुंगीची ओळख आणि साइक्सचे मेज

मराठी वाङ्मयातील मुंगी एकच आहे. तुकोबांनी तिच्या लहानपणात नम्रतेचे भाग्य पाहिले, मुक्ताबाईंच्या कूट अभंगात ती थेट आभाळापर्यंत पोचली आणि इसापनीतीने तिला शाळकरी मुलांची संचयगुरू केले. स्वयंपाकघरातील मुंगी मात्र कधीच एक नसते. संख्येनेही नाही आणि जातीनेही नाही. वाङ्मयातल्या या एकवचनाची सवय घेऊनच आपण घरातल्या मुंग्यांशी लढत आलो, आणि म्हणूनच बहुतेक वेळा हरत आलो, असे आम्हांस वाटते.

सोलापूरहून विजयपूरकडे जाताना लागणारे मंद्रूप हे गाव घेऊ. या पट्ट्यात मराठी आणि कन्नड एकाच अंगणात नांदतात. एका घरची मुंगी शेजारच्या घरी ‘इरुवे’ होते. मुलूख रब्बी ज्वारीचा. ज्या घरात ज्वारीचे पोते, गुळाची ढेप आणि दुधाचे पातेले आहे, त्या घरात मुंग्यांची वाट असायचीच. तिच्यावरचे उपायही ठरलेले: साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवणे, जाळीच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे, उंबऱ्यावर हळदीची रेघ ओढणे. यांपैकी पाण्याच्या उपायाची एक जुनी आणि तपशीलवार लेखी हकीकत आपल्याच दख्खनमधली आहे. तिच्यासाठी मंद्रूपहून एकोणिसाव्या शतकातील पुण्यास जावे लागते.

विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीच्या लष्करातील अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमले. या कामाच्या फिरतीत त्याने पक्षी, मासे आणि कीटक यांच्याही नोंदी केल्या. हिंदुस्थानातील मुंग्यांवरचा त्याचा निबंध १८३५च्या सुमारास लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात आला. पुण्याच्या त्याच्या घरी फळे, केक आणि मुरंबे एका लहान मेजावर ठेवलेले असत. मेजाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत, आणि मेज भिंतीपासून इंचभर दूर. मुंग्या काही दिवस थांबल्या. मग इंच-दीड इंचाचे ते पाणी त्यांनी पार केले. रोज शेकडो मारूनही संख्या घटेना. तेव्हा साइक्सने पायांभोवती टर्पेंटाइनचे कडे काढले. पुन्हा काही दिवस शांतता, आणि पुन्हा मेजावर मुंग्या! शेवटी एके दिवशी त्याला दिसले, की मुंग्या भिंतीवर मेजाच्या फूटभर वर चढतात आणि तेथून मेजावरील कापडावर उड्या टाकतात. या मुंगीला त्याने जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ ‘अथक’ असा आहे.

ही हकीकत पुढे युरोपात प्राण्यांच्या बुद्धीचा दाखला म्हणून वारंवार सांगितली गेली. आम्हांस तिच्यात दुसरेही काही दिसते. साइक्सचा प्रत्येक उपाय वाटेवरचा होता. वारूळ कोठे आहे, हे त्याने शोधल्याचे या हकीकतीत कोठेही येत नाही. मेजावर मारलेली मुंगी ही वारुळाने बाहेर पाठविलेली कामकरी. राणी, अंडी आणि अळ्या आत सुरक्षित. शेकडो मारूनही संख्या का घटेना, याचे उत्तर इथे आहे.

त्याच निबंधात दुसरी एक नोंद आहे, आणि ती साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळची वाटेल. मुंगी अन्नाची बेगमी करते, हे बायबलमधील नीतिवचनांत आहे आणि इसापाच्या गोष्टीतही आहे. परंतु उत्तर युरोपातील मुंग्या धान्य साठवत नाहीत, म्हणून तिथल्या निसर्गअभ्यासकांनी ही कविकल्पना ठरविली होती. पुण्यात साइक्सने मुंग्यांना गवताचे बी साठवताना आणि भिजलेले बी उन्हात वाळवण्यासाठी बाहेर काढताना पाहिले. तिचे नाव त्याने ‘प्रॉव्हिडेन्स’, म्हणजे दूरदर्शी, असे ठेवले. प्राचीन कवी खोटे नव्हते. त्यांची मुंगी वेगळी होती, इतकेच. एका जातीचे निरीक्षण सगळ्या जातींना लावले, की शास्त्रज्ञही चुकतो.

जाती वेगळ्या करण्याचे काम पुढे नेटाने झाले. जर्डनने १८५१ साली दक्षिण हिंदुस्थानातील मुंग्यांची यादी प्रसिद्ध केली. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन याने १८९२ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात ‘आमच्या मुंग्या’ या अर्थाच्या शीर्षकाखाली लेखन केले, आणि १९०३ साली बिंगहॅमचा ग्रंथ आला. या परंपरेच्या उजेडात आपल्या घरातील मुंग्या पाहाव्यात. मोठा काळा मुंगळा, अर्थात कॅम्पोनोटस, बहुधा अंगणातील जमिनीत राहतो आणि गोडासाठी आत येतो. लांब मिशांची, वेड्यासारखी वाकडीतिकडी धावणारी काळपट मुंगी ती पॅराट्रेकिना. डोके काळे आणि पोट इतके फिके की फरशीवर दिसूच नये, ती टॅपिनोमा. विजेच्या तारांचे वेष्टण कुरतडणाऱ्या बारीक पिवळट-तपकिरी मुंगीला जर्डनने ‘डिस्ट्रक्टर’ म्हटले, ते उगाच नव्हे. आग होईल असा दंश करणारी लाल सोलेनॉप्सिस तर मुळात अमेरिकेची. सोळाव्या शतकातील स्पॅनिश जहाजांबरोबर ती आशियात पोचली, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसते. आपल्या मिरचीचे मूळही अमेरिकेतच. दोघींचा तिखटपणा समुद्रमार्गे आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि बीएचसी आले, तेव्हा ही सगळी ओळख अनावश्यक वाटू लागली. गमेक्झिनची पावडर फडताळाच्या कोपऱ्यांत, धान्याच्या पोत्यांखाली सर्रास टाकली जाई. भारतात बीएचसीवर बंदी आली ती १९९७ साली. त्यातील मुख्य विषारी घटक असलेल्या लिंडेनचा वापर २०१३मध्ये थांबविण्यात आला. आता लक्ष्मणरेषेच्या नावाने ओळखला जाणारा कीटकनाशक खडू घरोघर आहे. रामायण वाचणाऱ्या समाजाने संरक्षणासाठी नेमके हेच नाव उचलावे, यातला विनोद वाचकांना सांगावयास नको. रेषेवरून गेलेली मुंगी मरते. वारूळ दुसरी वाट काढते. आणि रांगणारे मूल त्याच फरशीवर हात फिरवून तोंडात घालते.

म्हणून उपायाचा क्रम ओळखीपासून सुरू व्हावा. मुंग्यांची रांग गंधाच्या रेषेवर चालते, हे ई. ओ. विल्सन यांनी १९५९ साली सोलेनॉप्सिसवरील प्रयोगांनी दाखविले. रेषा साबणाच्या पाण्याने पुसली, की रांग मोडते, मात्र तेवढ्यापुरतीच. मुंगळ्याचा माग उलट दिशेने काढून अंगणातील वारूळ गाठावे. भिंतीत राहणाऱ्या बारीक मुंग्यांना आमिषच हवे: शंभर भाग साखरपाण्यात एक भाग बोरिक पावडर, तीच कॅरम बोर्डावर टाकतात ती. कामकरी मुंगी हे पाणी पोटात साठवून नेते आणि तोंडातून इतरांना भरविते. विष राणीपर्यंत सावकाश पोचते. मात्र ही वाटी मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागता कामा नये. फॅरो नावाच्या पिवळसर मुंगीवर तर फवारा मारूच नये. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. त्रास झाला, की वसाहत फुटते आणि एकाच्या चार होतात.

मुंगीला पंख फुटले, की तिचे मरण जवळ आले, असे आपण म्हणतो. ही म्हण नरांपुरती खरी आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती उडणाऱ्या मादीचे तसे नाही. मीलनानंतर ती स्वतःच आपले पंख गाळते, जमिनीत शिरते आणि नवे वारूळ मांडते. बहुतेकींचा वाटेत घास होतो हे खरे. पण जी वाचते तिचे वारूळ पुढे कित्येक वर्षे नांदते. म्हणीने जिथे शेवट पाहिला, तिथे तिचा संसार सुरू होतो. वाङ्मयातील मुंगी आपण प्रेमाने जपलीच आहे. फरशीवरची मुंगी खाली वाकून पाहायची मात्र अजून राहिली आहे.