पाण्याचे गाव टस्कंबिया

हेलन केलर हे नाव आपल्यापैकी कोणाही भगिनीस नवीन नाही. १९५५ साली, वयाच्या ७४व्या वर्षी, त्या आपल्या देशातही येऊन गेल्या. मुलीकडे अमेरिकेस गेले असता त्यांचे जन्मगाव पाहण्याचा योग मला आला. दक्षिणेकडील अलाबामा राज्यातील टस्कंबिया हे ते लहानसे गाव.

गावात एक मोठा झरा आहे व त्याभोवती सुरेख बाग आहे. या झऱ्याच्या आश्रयानेच वस्ती वाढली. १८२० साली गावाला मिळालेल्या पहिल्या नावाचा अर्थच मुळी ‘थंड पाणी’ असा होता. पुढे १८२२ साली चिकसॉ या मूळ रहिवाशांच्या एका प्रमुखाच्या नावावरून ‘टस्कंबिया’ हे नाव पडले.

जवळच टेनेसी नदी वाहते. तिच्या उथळ, खडकाळ पात्रात नावा अडत. म्हणून कापूस वाहून नेण्यासाठी १८३२ साली येथे लोहमार्ग सुरू झाला. अ‍ॅपलेशियन पर्वताच्या पश्चिमेस अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या लोहमार्गांपैकी हा एक. १८८८ सालचे जुने स्टेशन आता संग्रहालय झाले आहे. पण या लोहमार्गाने केवळ कापूसच गेला नाही. १८३८ साली पिढ्यान् पिढ्यांच्या भूमीतून हुसकावलेल्या चेरोकी लोकांनाही याच मार्गाने नदीच्या धक्क्यावर आणून पश्चिमेकडे धाडले गेले. प्रमुखाचे नाव गावाला राहिले. लोकांना मात्र भूमी राहिली नाही.

हेलनच्या आजोबांनी १८२० साली बांधलेले घर पांढरेशुभ्र व टुमदार आहे. शेजारच्या छोट्या घरात २७ जून १८८० रोजी तिचा जन्म झाला. एकोणीस महिन्यांची असताना आजाराने तिची दृष्टी व श्रवणशक्ती गेली. ३ मार्च १८८७ रोजी अ‍ॅन सलिव्हन ही वीस वर्षांची शिक्षिका आली. तिचे स्वतःचे बालपण अनाथ-अपंगांच्या आश्रयगृहात गेलेले, दृष्टीही अधू. परसात हातपंप आहे. ५ एप्रिल रोजी अ‍ॅनने हेलनच्या एका हातावर पाणी सोडले व दुसऱ्या तळव्यावर बोटांच्या खुणांनी ‘पाणी’ हा शब्द जुळवला. प्रत्येक वस्तूला नाव असते, हे त्या क्षणी पोरीला उमगले. उन्हाळ्यात याच आवारात तिच्या जीवनावरील नाटक होते.

पंपापाशी उभी असताना मला मात्र मार्थाची आठवण होत होती. मार्था वॉशिंग्टन ही त्या घरच्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीची लेक. अ‍ॅन येण्यापूर्वी हेलनच्या हातवाऱ्यांची भाषा हिला कळे. दोघी मिळून कणीक मळत, अंडी शोधत, भांडतही. दास्य कायद्याने १८६५ सालीच संपले होते. पण शिकवायला बाई आली ती एकीसाठीच. हेलनने आपल्या आत्मचरित्रात मार्थाचे नाव लिहिले, म्हणूनच आज ती आपल्याला ठाऊक आहे. पुढे १९१६ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेस हेलनने शंभर डॉलर व सहानुभूतीचे पत्र पाठविले. त्यामुळे माहेरची माणसे दुखावली.

आपल्या स्मरणिकेत अध्यक्षांची व कार्यवाहांची नावे दरवर्षी येतात. सभेपूर्वी सतरंज्या अंथरणाऱ्या, चहाची भांडी घासणाऱ्या बाईचे नावही यंदापासून त्या यादीत यावे, एवढीच माझी सूचना आहे.