पावसकर : आडनांव ऋतूचें कीं गांवाचें ?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांत पावसकर हें आडनांव आढळतें. त्यांत 'पाऊस' शब्द ऐकूं येतो म्हणून या घराण्याकडे पूर्वीं पर्जन्यानुष्ठानाची वृत्ति असावी, असा तर्क कोणासही सुचेल. आम्हांस तो ग्राह्य वाटत नाहीं.

रत्नागिरीच्या दक्षिणेस समुद्राजवळ पावस गांव आहे. स्वामी स्वरूपानंदांच्या (१९०३–१९७४) वास्तव्यामुळें तें सर्वश्रुत झालें. कोंकणी आडनांवांतला 'कर' हा प्रत्यय बहुधा ग्रामनामास लागतो : चिपळूणकर, गुहागरकर, वेंगुर्लेकर. पावसकर त्याच मालिकेंतलें. पर्जन्यवाचक पाऊस (संस्कृत प्रावृष्, प्राकृत पाउस) प्रत्ययापूर्वीं 'पावसा' असें रूप घेतो, पावसाचा, पावसांत. आडनांवांत तो 'सा' नाहीं. ढगे, वादळे हीं हवामानाचीं आडनांवें निराळ्या घडणीचीं, मूळ टोपणनांवांसारखीं दिसतात. त्यांचा विचार स्वतंत्रपणें व्हावा. ग्रामनामच पर्जन्यावरून पडलें असें कोणी म्हणेल. पण ज्या किनाऱ्यावर वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस गांवोगांव पडतो, तेथें एकाच गांवास ती खूण काय कामाची ? आणि तसें मानलें तरी पावसानें नांव दिलें तें गांवास. माणसांस दिलें तें गांवानें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पावसांत राहणाऱ्यास पावसकर म्हणण्याचें प्रयोजनच नाहीं, तेथें सारेच पावसकर. वेस ओलांडली म्हणजे हें नांव कामास येतें. म्हणून त्याचा प्रसार म्हणजे गांव सोडलेल्यांचा मार्ग होय. १८५४ सालीं मुंबईंत कापडगिरणीचा पाया पडल्यानंतरच्या दशकांत रत्नागिरी जिल्ह्यांतून हजारों माणसें गलबतांनीं व आगबोटींनीं आलीं, आणि परळ, लालबाग, गिरगांव येथील चाळींत राहिलीं. उपनगरांतील वस्ती बहुतांशीं त्यानंतरची. अंधेरीकडील भाग १९५० सालीं व बोरिवली-मुलुंडकडील १९५७ सालीं बृहन्मुंबईंत आला. १९८२ च्या गिरणीसंपानंतर चाळी सोडून उत्तरेकडे जाणें वाढलें.

गांव सोडणारे एका ज्ञातीचे नसतात. ब्राह्मण, मराठा, वाणी, सोनार, ज्यानें गांव सोडलें त्यास गांवाचेंच नांव चिकटतें. तेव्हां बोरिवलीचे पावसकर व घाटकोपरचे पावसकर एका वंशवृक्षांत गोंवणें हा धोका आहे. जुन्या मोडी कागदांत तर 'पावसकर' हें कित्येकदां आडनांव नसून केवळ 'पावसचा राहणारा' एवढीच ओळख असते. बापाच्या नांवापुढें तें असून मुलाच्या नांवापुढें नसेल, तर वंश तुटला असें समजूं नये.

संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, कागद हातीं येतांच गोत्र अथवा देवक, कुलदैवत, मूळ वाडी आणि कागद कोणत्या घरांतून आला हें टिपणाच्या शिरोभागीं लिहावें. चाळ पाडावयाची वेळ आली म्हणजे माळ्यावरची पेटी बहुधा रद्दीवाल्याकडे जाते. मुलुंडच्या नव्या घरीं पोंचतो तो फक्त देव्हारा.