बदनाम झाडाचे बी

कोजागरीच्या रात्री गच्चीवर सगळे आटीव दुधाचे पेले घेऊन बसतात, तेव्हा आमची धाकटी एका कोपऱ्यात लिंबाचे सरबत पीत असते. दूध तिला सोसत नाही. दुधातली साखर पचवणारे द्रव्य तिच्या आतड्यात पुरेसे तयार होत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि त्या दिवसापासून बासुंदी, पेढा, आइस्क्रीम हे शब्द आमच्या घरात हलक्या आवाजात उच्चारले जाऊ लागले. नऊ वर्षांच्या पोरीने कधी हट्ट धरला नाही, हेच आम्हां उभयतांना जास्त लागे.

मी शाळामास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच, तेव्हा पांडित्याचा आव आणण्याची सोय नाही. पुढे सांगतो तो इतिहास शोधायला मला एका स्वयंपाकघराने लावले.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही कुमाऊँमध्ये, अल्मोड्याच्या बाजूला एका घरी उतरलो होतो. घरच्या आजी (तिकडे आजीला ‘आमा’ म्हणतात) अळकुड्यांची भाजी करीत होत्या. त्यांनी करड्या रंगाचे बारीक बी तव्यावर भाजले, पाट्यावर वाटले आणि पाण्यात कालवून फडक्यातून पिळले. खाली पांढरट, दाटसर दूध उतरले. ते रश्श्यात घालायचे होते.

“हे कशाचे, आमा?” मी विचारले.

“भांगेचे.”

सौभाग्यवतींनी पोरीला चटकन मागे ओढले. मीही दचकलो. दर वर्षी वर्गाकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणवून घेणारा मास्तर मी! आमा मात्र हसल्या. “नशा पानात नि फुलात असते, मास्टरजी. बी म्हणजे धान्य. माझी नातवंडे यावरच वाढली.”

सुटीहून परतल्यावर मी पुस्तके उघडली, तेव्हा कळले की या झाडाने दोन वेगळे संसार केले आहेत. हिमालयाच्या उतारांवर ते वाखासाठी आणि बियांसाठी पेरीत. सालीच्या वाखाचे दोर, पोती आणि जाडेभरडे कापड होई; बी खाण्यात जाई. 1815 मध्ये कुमाऊँ इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि कंपनीही तिथला वाख विकत घेई. खाली मैदानात मात्र त्याच झाडाची ओळख भांग, गांजा आणि चरस अशी. त्यावर सरकारचा कर, आणि कराच्या मागोमाग सरकारची दप्तरे.

1893 साली विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि हिंदुस्थानात एक आयोग नेमला गेला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. आयोगाने 1193 साक्षीदार तपासले आणि 1894 मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. संपूर्ण बंदी नको, नियंत्रण हवे, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील गांजाच्या शेतीचीही त्यात नोंद आहे. पहाडातला वाख आणि बीही त्या कागदांत आहेत. पण सारा वाद नशेचा, म्हणून लोकांच्या ध्यानी तेवढीच राहिली. कर गांजावर होता. आमांच्या भाजीवर नव्हता. दप्तरात मोठी जागा कोणाला मिळणार हे उघड आहे.

तथापि कायद्याला हा फरक ठाऊक आहे. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाची जी व्याख्या आहे, तीतून शेंड्यांपासून वेगळे केलेले बी वगळले आहे, आणि वाख व बी यांसाठी लागवडीची परवानगी देण्याची मुभा सरकारला आहे. त्या मुभेनुसार 2018 मध्ये उत्तराखंडाने परवाने देण्यास सुरुवात केली. 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे बी अन्न म्हणून मान्य केले. मादक द्रव्याचा अंश किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या वर नसावा, एवढी अट घातली. आमा जे बोलल्या, ते सरकारी कागदावर यायला इतकी वर्षे लागली!

आता त्याच स्वयंपाकघरात परत येतो. अंगणात आडू, म्हणजे आपले पीच, पिकले होते. धाकटीने हळूच विचारले, “बाबा, या दुधाचे आइस्क्रीम होईल?”

प्रश्न साधा, पण त्यातही इतिहास आहे. गारव्याला दूध लागत नाही. अकबराच्या दरबारात पाणी कसे थंड करीत, ते अबुल फज़लने ‘आईन-इ-अकबरी’त लिहून ठेवले आहे: अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकायचा आणि त्यात शेरभर पाण्याची झारी पाव तास फिरवायची. पुढे दरबार लाहोरकडे गेला, तेव्हा पहाडातून बर्फही येऊ लागले. दूध हवे असते ते मऊपणासाठी. नुसता फळांचा रस गोठवला तर त्याचे कडक खडे होतात. स्निग्धांश असला की ते खडे बारीक राहतात. कोकणात हे काम नारळाचे दूध करील. भांगेच्या बियांत सुमारे तीस टक्के तेल आणि पंचवीस टक्के प्रथिने असतात. पहाडात नारळाची जागा तेच घेते.

एक वाटी बी हलके भाजून वाटले आणि तीन वाट्या पाण्यात दोनदा गाळले, कारण टरफल दाताखाली कचकचते. त्यात दोन वाट्या आडूचा गर आणि पाऊण वाटी साखर घातली. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सनबाईंनी 1843 मध्ये ज्याचे पेटंट घेतले, तो दांडा फिरवायचा पॉट तिथे नव्हता. आम्ही भांडे फ्रीजच्या बर्फखान्यात ठेवले आणि दर अर्ध्या तासाने काट्याने ढवळले. तत्त्व तेच: ढवळले की खडे मोडतात.

पहिला चमचा सौभाग्यवतींनी स्वतः खाल्ला. तासभर पोरीला जवळ येऊ दिले नाही. मग काही बोलल्या नाहीत. वाटी भरून तिच्या हातात दिली. चव किंचित अक्रोडासारखी, रंग मातकट. धाकटीने वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली आणि रात्रभर पोट दुखल्याची तक्रार नाही.

शाळा उघडल्यावर शपथेच्या दिवशी मी वर्गाला शपथ दिलीच. नशा ती नशाच. पण आधी फळ्यावर एक झाड काढले आणि पान, फूल, साल, बी असे वेगवेगळे दाखवले. इतकी वर्षे मी मुलांना झाडाचे एकच नाव सांगत आलो होतो, ती माझी चूक होती.

आमांनी निघताना बियांची एक पुरचुंडी दिली होती. यंदा भाऊबिजेला ती सोडायची आहे. आडू नसले तरी सीताफळे आहेत, आणि या खेपेस पहिली वाटी धाकटीची.