जपणे आणि लपवणे : पुण्यातील पिस्तुलाचा एक इतिहास

खंडेनवमीला घरातील शस्त्रे पुसून पाटावर मांडावीत, त्यांना हळदकुंकू वाहावे, ही चाल महाराष्ट्रात जुनी आहे. आज बहुतेक घरांत तलवारीच्या जागी विळी, अडकित्ता किंवा पेचकस असतो, तरी त्या पूजेमागील समज ध्यानात घेण्याजोगी आहे. शस्त्र ही घरातली, सर्वांच्या देखत ठेवायची वस्तू होती. ते जपायचे असे, लपवायचे नसे. 'जपणे' आणि 'लपवणे' या दोन क्रियापदांतले अंतर पुण्याच्या गेल्या दीडशे वर्षांत कसे पुसट होत गेले आणि पुन्हा कसे आखावे लागले, याचा मागोवा घेण्याचा आमचा येथे विचार आहे.

पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले, तमंचा तुर्कीतून. वस्तू परकी, तिची नावेही परकी. मात्र ती जवळ बाळगावी की नाही हा प्रश्न पूर्णपणे येथला झाला, तो इंग्रजी अमलात. त्या अमलाने या बाबतीत एक विलक्षण विसंगती निर्माण केली. 1860 च्या दंडसंहितेने प्रत्येक माणसाला स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क दिला. हा हक्क प्रजेने निर्भयपणे वापरावा, अशीच मेकॉलेची मूळ अपेक्षा होती. पुढे 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला आणि त्या हक्काचे साधन सामान्य हिंदी माणसाच्या हातून काढून घेतले गेले. युरोपियनांना आणि अँग्लो-इंडियनांना परवान्यातून सूट होती. काही राजे, सरदार, पदवीधारक यांनाही होती. बाकीच्यांनी साहेबाच्या मर्जीवर अवलंबून राहायचे. पुढच्याच वर्षी, 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने पुणे जिल्हा हादरला, तेव्हा ज्या गावांवर दरोडे पडले त्या गावांतील घरधन्यांच्या हाती बचावासाठी काय होते, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडल्याचे दिसत नाही.

1887 च्या मद्रास अधिवेशनापासून राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध वारंवार ठराव केले. त्यांतील तक्रार केवळ चोराचिलटांची किंवा रानडुकरांची नव्हती. 'तुमच्यावर आमचा विश्वास नाही' हे कायद्यातील न लिहिलेले वाक्य त्या पिढीला अधिक झोंबत होते. शस्त्राची मागणी ही मुळात प्रतिष्ठेची मागणी होती.

या कायद्यातील एक तरतूद आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. विनापरवाना हत्यार बाळगण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. परंतु सरकारी नोकरांना कळू नये अशा हेतूने तेच कृत्य केले, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत वाढे. म्हणजे लपवणे हा मूळ गुन्ह्याहून मोठा गुन्हा ठरला. आणि ज्या समाजाला उघडपणे जवळ बाळगण्याची सोय उरली नव्हती, तो समाज लपवण्याकडेच वळला.

22 जून 1897 ची गणेशखिंडीतील रात्र पुणेकरांना सांगायला नको. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ, टेकड्यांवर पेटलेल्या होळ्या, आणि गव्हर्नरच्या बंगल्याच्या, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या, वाटेवर थांबलेले चापेकर बंधू. प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून केलेल्या झडत्यांचा संताप त्या रात्रीमागे होता. त्या हकिकतीतील एक लहानसा तपशील मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. दामोदर आणि बाळकृष्ण यांच्यापाशी तलवारी होत्या, कुऱ्हाड होती आणि पिस्तुले होती. गर्दीत तलवार घेऊन वावरले तर संशय येणार, म्हणून तलवारी आणि कुऱ्हाड त्यांनी जवळच्या एका दगडी मोरीखाली ठेवून दिली. पुढे गेली ती फक्त पिस्तुले. खंडेनवमीच्या पाटावरची तलवार मोरीखाली राहिली आणि अंगरख्यात मावणारे हत्यार इतिहासात शिरले. रँड आणि आयर्स्ट या दोघांवर त्या रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ मेला, रँड 3 जुलैला.

ही कथा येथेच थांबवली तर ती शौर्यकथा राहते. परंतु 8 फेब्रुवारी 1899 रोजी पुण्यातच द्रविड बंधूंना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांनी दामोदरांची माहिती सरकारला दिली होती. मारणारे पुण्याचे, मरणारेही पुण्याचे. फितुरीचे समर्थन कोणी करणार नाही. तरी इतिहास वाचणाऱ्याने हे टाळून पुढे जाऊ नये, असे आम्हांस वाटते. लपवलेल्या हत्याराची कोठे नोंद नसते. ते पुढे कोणावर रोखले जाईल, याचा जाब विचारण्याची जागाही त्यामुळे उरत नाही.

पुढे 1909 मध्ये विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात पाठवली. त्यांतल्या एकाने 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला. 'शारदा'चा प्रयोग पाहण्यास आलेल्या प्रेक्षकांत खिशात पिस्तूल घेऊन बसलेला तरुण कोणाला ओळखू आला नाही. चोरकप्पा, मोरी, खिसा : आपल्या क्रांतिकारक चरित्रवाङ्मयात पिस्तूल नेहमी अशा जागी भेटते. कपाटात, कुलपात, हिशोबात असलेले पिस्तूल आपल्या साहित्यात जवळजवळ नाहीच.

कायद्यातील वांशिक भेद 1920 च्या नियमांनी दूर झाले, तरी परवाना मिळणे अधिकाऱ्याच्या मर्जीवरच राहिले. स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. एका वाक्यात वसाहतीच्या काळातील एक मोठा अपमान पुसला गेला.

पुणे शहरात आज हा परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. 2016 च्या शस्त्र नियमांनी त्याला आणखी अटी जोडल्या. परवान्याआधी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण, घरी हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि सार्वजनिक ठिकाणी नेताना ते म्यानात किंवा तशाच वेष्टनात, पूर्ण झाकलेले व स्वतःच्या ताब्यात असणे. ते उघडे करून मिरवणे हा नियमभंग आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली आणि लग्नकार्यांतील बेफिकीर गोळीबाराला स्वतंत्र शिक्षा ठरवली.

येथे इतिहासाने घेतलेले वळण पाहण्यासारखे आहे. 1878 मध्ये हत्यार झाकून ठेवणे हा वाढीव गुन्हा होता. आज रस्त्यावर ते झाकून नेणे हे कर्तव्य आहे. विसंगती वाटते, पण ती नाही. तेव्हाचे झाकणे राज्यापासून होते, आजचे रस्त्यापासून आहे. हत्याराची नोंद दप्तरात आहे, परवान्याला क्रमांक आहे. दहशत बसू नये म्हणून ते नजरेआड आहे. लपवणे पुन्हा जपण्याच्या जवळ आणण्याचा हा प्रयत्न होय.

तरीही एक पेच शिल्लक राहतो, आणि तो कायद्याला सोडवता येणार नाही. स्वसंरक्षणासाठी घेतलेले पिस्तूल वेळेला हाताशी हवे, असे बाळगणारा म्हणतो. आणि कुलपातले हत्यार वेळेला हाताशी नसते. परंतु उशाखालचे पिस्तूल घरातील लेकराच्याही हाताशी असते, दारू प्यालेल्या भावाच्याही, आणि निराशेच्या एखाद्या रात्री खुद्द धन्याच्याही. चोर वर्षानुवर्षे येत नाही. घरची माणसे रोज तिथेच असतात. म्हणून काडतुसे वेगळी, हत्यार वेगळे, दोन्ही कुलपात आणि किल्ली एकाच्याच ताब्यात, हा साधा शिरस्ता शूरपणाच्या आड येत नाही. ज्या विश्वासासाठी आपल्या आधीच्या पिढ्या भांडल्या, त्या विश्वासाला पात्र होण्याचा तोच मार्ग आहे.

पूर्वजांनी 'आमच्यावर विश्वास ठेवा' असे सरकारला सुनावले. त्या मागणीचे उत्तर आता परवानाधारकाच्या कपाटापाशी द्यायचे आहे, जेथे पाहायला कोणी शिपाई येत नाही.