मांजराचा ल्युकेमिया : निदान आणि निकाल

मांजर आजारी पडते, खाणे सोडते, कोपऱ्यात बसून राहते आणि काही दिवसांनी मरते. माणसाच्या घरात मांजर आले तेव्हापासून हे असेच चालत आले आहे. मात्र वरवर धडधाकट दिसणाऱ्या मांजराच्या रक्ताचे चार थेंब तपासून ‘याच्या अंगात ल्युकेमियाचा विषाणू आहे, हे फार काळ जगणार नाही’ असे सांगणे माणसाला १९७० च्या दशकापर्यंत शक्य नव्हते. विज्ञानाने हे शक्य केले, आणि त्याबरोबरच एक नवा प्रश्न माणसापुढे ठेवला : हे कळल्यानंतर त्या मांजराचे करायचे काय? या प्रश्नाला पन्नास वर्षांत वेगवेगळी उत्तरे दिली गेली. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू.

ग्लासगोमधले एक घर

कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो, ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीचीच. १९०८ साली कोपनहेगनमध्ये एलरमान आणि बांग यांनी कोंबड्यांचा ल्युकेमिया पेशीविरहित गाळीवातून दुसऱ्या कोंबड्यांना देता येतो, हे दाखवले. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या एका गाठीबाबत तेच सिद्ध केले. परंतु ‘कोंबड्यांचे काही वेगळे असेल’ असे म्हणून बहुतेकांनी तिकडे दुर्लक्ष केले. १९५१ साली लुडविक ग्रॉस यांनी उंदरांच्या ल्युकेमियाचा विषाणू दाखवला, तेव्हाही शंका घेतली गेलीच. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, म्हणजे शोधानंतर तब्बल ५५ वर्षांनी!

मधल्या काळात ग्लासगो विद्यापीठाच्या पशुवैद्यक विद्यालयात विल्यम जॅरेट काम करत होते. एका स्थानिक पशुवैद्याने त्यांना सांगितले, की आपल्याकडे येणाऱ्या एका घरात पुष्कळ मांजरे आहेत आणि त्यांतल्या अनेकांना लसिका पेशींचा कर्करोग झाला आहे. एकाच छपराखाली इतक्या मांजरांना एकच आजार व्हावा, हा योगायोग वाटत नव्हता. जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मांजराच्या गाठींतला अर्क मांजराच्या पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांनाही तो आजार झाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूसारखे कणही दिसले. हे निष्कर्ष १९६४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. मांजराच्या ल्युकेमियाचा विषाणू जगापुढे आला तो असा. दवाखान्यातल्या एका पशुवैद्याने डोळे उघडे ठेवले आणि प्रयोगशाळेने त्याचे म्हणणे मनावर घेतले, म्हणून हा शोध लागला.

हा विषाणू रिट्रोव्हायरस गटातला आहे. त्याची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते. पेशीत शिरल्यावर तो तिचे डीएनए बनवतो आणि ते डीएनए पेशीच्या स्वतःच्या गुणसूत्रात बसवून टाकतो. हे काम करणारे विकर १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले. एकदा गुणसूत्रात बसलेला विषाणू बाहेर काढणारे औषध आजही नाही. या आजाराला ‘ल्युकेमिया’ म्हणत असले, तरी बाधित मांजरे अनेकदा रक्ताच्या कर्करोगाने न मरता रक्तक्षयाने किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यामुळे झालेल्या दुसऱ्याच एखाद्या संसर्गाने मरतात.

हिरवी चमक

१९७३ साली न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग केंद्रातले पशुवैद्यक संशोधक विल्यम हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी पुढे आणल्या. पहिली, हा विषाणू एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो. आजारी मांजरांच्या सहवासात राहणाऱ्या निरोगी मांजरांत तो मोठ्या प्रमाणात सापडला, तर असा संपर्क न आलेल्या मांजरांत क्वचितच. दुसरी गोष्ट म्हणजे रक्ताची चाचणी. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर द्यायचा, त्यावर विषाणूच्या प्रथिनाला चिकटणारी आणि चकाकणारा रंग जोडलेली प्रतिद्रव्ये सोडायची आणि अतिनील प्रकाशात पाहायचे. पांढऱ्या पेशींवर हिरवी चमक दिसली की विषाणू आहे.

विषाणू पसरतो तो मुख्यतः लाळेतून. एकमेकांना चाटणे, एका ताटलीत खाणे, भांडणात चावणे आणि आईकडून पिल्लांना होणारा संसर्ग हे त्याचे मार्ग. वय जितके लहान तितका धोका मोठा. शरीराबाहेर मात्र तो फार टिकत नाही. साबणाच्या पाण्यानेही नष्ट होतो.

चाचणी हाती आल्यावर धोरण ठरले : ‘तपासा आणि काढून टाका’. घरातली सगळी मांजरे तपासायची, बाधित असतील ती वेगळी करायची, घर धुऊन काढायचे आणि उरलेली मांजरे तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची. ‘वेगळी करायची’ याचा अर्थ बहुतेकदा ‘इंजेक्शन देऊन मारायची’ असा होत असे. यांतली बरीच मांजरे त्या दिवशी खेळत होती, खात होती.

आज आपल्याला हे क्रूर वाटेल. पण त्या वेळच्या पशुवैद्यांपुढचे चित्र नीट पाहायला हवे. लस नव्हती. आणि एक मोठी भीती होती : हा विषाणू माणसाला होईल का? १९६९ सालच्या प्रयोगांत तो माणसाच्या पेशींत, काचेच्या बशीत, वाढताना दिसला होता. घरात मूल आणि बाधित मांजर दोघे असतील, तर पशुवैद्याने काय सांगावे? पुढे मांजरे पाळणाऱ्या लोकांच्या आणि पशुवैद्यांच्या पाहण्या झाल्या. हा विषाणू माणसाला बाधतो याचा पुरावा त्यांत मिळाला नाही, आजवरही मिळालेला नाही. शिवाय जिथे हे धोरण कसोशीने पाळले गेले, तिथे रोगाचे प्रमाण खरोखरच उतरले. धोरण मूर्खपणाचे नव्हते. त्यात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली होती : चाचणीचे उत्तर म्हणजेच मांजराचा निकाल.

एक छोटा हिशेब

हे गृहीत कुठे डळमळते, ते वर्गात सहज करून दाखवता येईल. समजा, १००० निरोगी दिसणारी मांजरे तपासली आणि त्यांतली १० खरोखर बाधित आहेत. चाचणी फार चांगली आहे : ती दहाच्या दहा ओळखते आणि निरोगी मांजरांबाबत शंभरात एकदाच चुकते. उरलेल्या ९९० मध्ये सुमारे १० चुका होतील. म्हणजे ‘विषाणू आहे’ असे उत्तर २० मांजरांना मिळेल आणि त्यांतली १० निरोगी असतील. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, पण मुद्दा खरा आहे. रोग जितका विरळा, तितके चांगल्या चाचणीचेही ‘होय’ पुन्हा तपासून पाहावे लागते.

दुसरी अडचण जीवशास्त्राची. विषाणू शिरला म्हणजे तो जिंकला असे नाही. काही मांजरांचे शरीर त्याला सुरुवातीलाच परतवते. काहींत तो काही आठवडे रक्तात दिसतो आणि मग दबून जातो. गुणसूत्रात त्याची प्रत राहते, पण लाळेतून तो बाहेर पडत नाही. उरलेल्या मांजरांत तो कायम वाढत राहतो आणि खरा धोका त्यांनाच असतो. २००१ साली झुरिचच्या संशोधकांनी पीसीआर तंत्राने दाखवले, की नेहमीच्या चाचणीत ‘नाही’ ठरलेल्या काही मांजरांतही विषाणूचे डीएनए दडलेले असते. म्हणूनच आज पहिल्या ‘होय’नंतर चाचणी पुन्हा करतात, आणि शक्य तर वेगळ्या पद्धतीने.

आता सर्वांत कठीण आकडा. हार्डी यांच्या गटाने १९८० साली नोंदवले, की सतत बाधित असलेल्या पण निरोगी दिसणाऱ्या मांजरांपैकी ८३ टक्के साडेतीन वर्षांत मेली. बाधा नसलेल्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. हा आकडा गंभीर आहे, तो लपवू नये. पण त्याची दुसरी बाजूही वाचावी : शंभरातली सतरा मांजरे साडेतीन वर्षांनंतरही जिवंत होती. मांजराच्या आयुष्यात साडेतीन वर्षे म्हणजे थोडा काळ नव्हे.

१९८५ साली अमेरिकेत पहिली लस बाजारात आली. लस निरोगी मांजराला वाचवते, बाधित मांजराला तिचा उपयोग नाही. तरी तिच्यामुळे एक बदल झाला : एका मांजराला जगू दिले तर बाकीची मरतील, ही सक्ती सैल झाली.

‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचे ओझे

याच सुमारास माणसांत एक नवा आजार दिसू लागला होता. १९८१ साली एड्सची पहिली नोंद झाली आणि कारण कुणालाच कळेना. तेव्हा मांजराच्या या विषाणूवर काम केलेल्या दोघांना ओळखीची खूण पटली. हार्वर्डमधले मॅक्स एसेक्स हे मूळचे पशुवैद्य. आणि देवीच्या निर्मूलनासाठी भारतातही काम केलेले डोनाल्ड फ्रान्सिस यांनी एसेक्स यांच्याच प्रयोगशाळेत डॉक्टरेट केली होती. रिट्रोव्हायरस प्रतिकारशक्ती खच्ची करू शकतो, हे त्यांनी मांजरात पाहिलेले होते. १९८३ साली पॅरिसमध्ये एड्सचा विषाणू सापडला; तो रिट्रोव्हायरसच निघाला. पुढे ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दाने किती माणसांना जिवंतपणीच मेल्यात जमा केले, हे आपण पाहिले आहे.

मांजरांच्या बाबतीत आजची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात, की केवळ बाधा आहे म्हणून मांजराला दयामरण देऊ नये. त्याला घरातच ठेवावे, निरोगी मांजरांपासून वेगळे ठेवावे, कच्चे मांस देऊ नये, दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे, आणि लहानसा संसर्गही अंगावर काढू देऊ नये. आपल्याकडचे मांजर बहुधा अर्धे घरातले आणि अर्धे गल्लीतले असते, म्हणून यातले ‘घरातच ठेवावे’ हे सर्वांत अवघड. पण गल्लीतल्या इतर मांजरांसाठी तेच सर्वांत गरजेचे.

उरलेले दिवस

तरीही एक दिवस आजार पुढे जातो. आता थांबायचे का, हे कसे ठरवावे? अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली यासाठी एक साधी मोजपट्टी सुचवली. वेदना (श्वासाचा त्रास यातच धरायचा), भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला ० ते १० गुण. जितकी स्थिती चांगली तितके गुण जास्त. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य आहे असे धरायचे.

प्रेमाचे असे गुण मांडणे काहींना कोरडे वाटेल. आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना त्यात एक माणुसकी दिसते. दुःखात माणूस कालचा एक चांगला क्षण धरून बसतो, नाहीतर आजच्या एका वाईट रात्रीने खचतो. रोजची नोंद वहीत असेल, तर निर्णय मांजराच्या स्थितीवरून होतो, आपल्या भीतीवरून होत नाही.

दुःखाचाही अभ्यास झाला. १९८९ साली केनेथ डोका यांनी ‘ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही’ अशा दुःखाला स्वतंत्र नाव दिले. पाळीव प्राण्याचा मृत्यू त्यात नेमका बसतो. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक विद्यालयात, प्राणी गमावलेल्यांशी बोलण्यासाठी दूरध्वनी सेवा सुरू झाली. ‘मांजरच तर होते, दुसरे आणू’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. मृत्यूशी मुलाची पहिली गाठ बहुधा अशा मांजराच्या निमित्तानेच पडते आणि त्यानंतर मूल वर्गात येऊन गप्प बसते.

अशा वेळी शिक्षकांना करता येण्याजोगे थोडे आहे, पण ते मोलाचे आहे. आजाराचे नाव खरे सांगावे. ‘ते दूर गेले’ किंवा ‘झोपले’ असे सांगू नये. मूल वाट पाहत राहते. हा आजार तुला होणार नाही आणि तुझ्यामुळे तो मांजराला झालेला नाही, हे दोन्ही न विचारता सांगावे, कारण बहुतेक मुले हे प्रश्न मनातच ठेवतात. आणि मांजर अजून जिवंत असेल, तर वरच्या सात गोष्टींची वही मुलाच्या हाती द्यावी. आज त्याने किती खाल्ले, उन्हात येऊन बसले का, हाक मारल्यावर कान हलवले का, हे ते रोज पाहील आणि लिहील. शेवटचा निर्णय घरातल्या मोठ्यांनीच घ्यायचा; पण तो कशावरून घेतला, हे त्या मुलाला त्या वहीत वाचता येईल.