लिनक्स सुरू होत नाही? ‘फॉरमॅट’पूर्वी निदान करा

संगणकाची कळ दाबावी आणि नेहमीच्या पडद्याऐवजी काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांतील दोन-चार ओळी दिसाव्यात, हा प्रसंग लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येतो. अशा वेळी शेजारीपाजारी आणि दुरुस्तीच्या दुकानांतून सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘फॉरमॅट मारून टाका’. हा उपाय सोपा असला तरी त्याची किंमत मोठी असते. विद्यार्थ्याचा प्रकल्प अहवाल, दुकानाचा हिशेब, घरातील लग्नकार्याची छायाचित्रे असे सारे त्यात पुसले जाते. वास्तविक लिनक्समधील बहुसंख्य बिघाडांत वापरकर्त्याची माहिती जशीच्या तशी शाबूत असते. बिघडलेली असते ती केवळ तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक परिसरातील बजाजनगरसारख्या वसाहतीत या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्या परिसरात कामगारांची वस्ती वाढत गेली. कामगार कुटुंबात संगणक बहुधा एकच असतो आणि तो सर्वांना मिळून वापरावा लागतो. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी लिनक्स हा बिनखर्चाचा पर्याय आहे. मात्र जुने यंत्र, अचानक जाणारी वीज आणि मराठवाड्याचा चाळीस अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा एकत्र आले की बिघाडाची शक्यता वाढते. म्हणूनच निदानाची पद्धत माहीत असणे आवश्यक ठरते.

(या लेखातील आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित कराव्यात. प्रणालीत बदल करणाऱ्या आज्ञांपूर्वी ‘सुडो’ हा शब्द लागतो.)

सुरू होण्याच्या पायऱ्या

कळ दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत संगणक ठरावीक पायऱ्या चढतो. प्रथम मदरबोर्डवरील बायोस किंवा तिची आधुनिक आवृत्ती असलेली यूईएफआय यंत्रणा जागी होते. ती ‘ग्रब’ या बूटलोडरला हाक मारते. ग्रब लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि ‘इनिट-रॅमएफएस’ ही छोटी तात्पुरती प्रणाली स्मृतीत आणतो. तिच्या साह्याने कर्नल मुख्य डिस्क शोधतो. त्यानंतर बहुतेक वितरणांत ‘सिस्टिम-डी’ एकामागून एक सेवा सुरू करते आणि अखेरीस प्रवेशाचा पडदा दिसतो. गाडी यांपैकी कोणत्या स्थानकावर अडली, हे कळले की अर्धे निदान झाले.

निर्मात्याचे चिन्हही दिसत नसेल, तर दोष लिनक्सचा नसून यंत्राचा आहे. चिन्ह दिसून पुढे ‘ग्रब रेस्क्यू’ अशी ओळ आली, तर बूटलोडरला आपल्या फायली सापडत नाहीत. ‘इनिट-रॅमएफएस’ असे लिहून संगणक थांबला, तर मुख्य डिस्क सापडत नाही किंवा तिची फाइल व्यवस्था विस्कटली आहे. ‘इमर्जन्सी मोड’ दिसला, तर एखादे विभाजन जोडता आलेले नाही. सर्व सेवा सुरू होऊनही पडदा काळाच राहिला, तर संशय ग्राफिक्सवर घ्यावा. पडद्यावर दिसलेला संदेश मोबाइलने टिपून ठेवावा, कारण पुढील शोधाचा तोच धागा असतो.

आधी माहिती वाचवा

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी. त्यासाठी ‘लाइव्ह’ पेनड्राइव्ह लागतो. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट, फेडोरा आदी वितरणांच्या संकेतस्थळांवरून प्रतिमा फाइल उतरवून ती दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हमध्ये भरता येते. या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर डिस्कवर काहीही न बसवता संपूर्ण लिनक्स चालते. मात्र ‘इन्स्टॉल’ नव्हे, तर ‘ट्राय’ किंवा ‘लाइव्ह’ हा पर्याय निवडावा. त्यानंतर फाइल व्यवस्थापकातून जुनी डिस्क उघडावी, ‘होम’ फोल्डरमधील सामग्री बाहेरील डिस्कवर उतरवावी आणि मगच दुरुस्तीकडे वळावे.

जुने यंत्र ३२ बिटचे असेल तर पेनड्राइव्ह जपून निवडावा. उबुंटूने २०१७ मध्येच ३२ बिट डेस्कटॉपची प्रतिमा बंद केली, तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर नाही. अशा यंत्रासाठी डेबियन १२ ची प्रतिमा जवळ ठेवणे हिताचे.

वीज गेल्यानंतर

संगणक चालू असताना वीज गेली की डिस्कवरील लिखाण अर्धवट राहते. ‘एक्स्ट ४’ या प्रचलित फाइल व्यवस्थेत बदलांची नोंदवही ठेवलेली असते, त्यामुळे पुढील वेळी सुरू होताना ती बहुतांशी स्वतःच सावरते. ते जमले नाही तर संगणक ‘इनिट-रॅमएफएस’पाशी थांबतो आणि कोणते विभाजन तपासावे हे वरच्या ओळीत सांगतो. तेथे ‘एफएससीके’ ही आज्ञा आणि त्या विभाजनाचे नाव टंकित करावे. दुरुस्तीस संमती विचारली गेल्यास ती द्यावी आणि काम संपल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. चालू प्रणालीस जोडलेल्या विभाजनावर ही आज्ञा कधीही चालवू नये, तसे केल्यास शाबूत फायलींचीही हानी होते.

अद्ययावतीकरण सुरू असतानाच वीज गेली तर सॉफ्टवेअर अर्धवट बसलेले राहते. डेबियन कुळातील प्रणालींवर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा राहिलेले काम पूर्ण करते आणि ‘अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ही आज्ञा तुटलेले परस्परावलंबन सांधते. दुसरा कार्यक्रम अद्ययावतीकरण करीत असल्याचा कुलूपबंद संदेश आला तर थोडा वेळ थांबावे. घाईने कुलपाची फाइल पुसणे हा उपाय नव्हे.

अद्ययावतीकरणानंतर नवा कर्नलच चालत नसेल, तर जुना हाताशी असतो. संगणक सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट कळ दाबून ग्रबची यादी उघडावी आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडावा. त्यावर संगणक सुरू झाला तर दोष नव्या कर्नलचा किंवा त्याच्याशी न जुळलेल्या ड्रायव्हरचा, हे सिद्ध होते. याच यादीतील ‘रिकव्हरी मोड’ अनेक दुरुस्त्यांसाठी उपयोगी पडतो.

विंडोजसोबत नांदताना

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स ठेवणाऱ्यांच्या तक्रारी ठरावीक असतात. पहिली म्हणजे विंडोजच्या अद्ययावतीकरणानंतर ग्रबची यादीच न दिसणे. यूईएफआय असलेल्या यंत्रात बहुधा केवळ बूटचा क्रम बदललेला असतो. सेटअपमध्ये जाऊन लिनक्सची नोंद वर आणली की काम भागते. नोंदच नाहीशी झाली असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून मूळ प्रणालीत ‘सीएचरूट’ करून ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ या आज्ञा द्याव्या लागतात.

दुसरी तक्रार ‘सिक्युअर बूट’ची. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अद्ययावतीकरणानंतर दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना आणि ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश दिसू लागला. अशा वेळी सेटअपमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्स सुरू करून ते अद्ययावत करावे आणि नंतर ते पुन्हा चालू करावे. मात्र विंडोजची डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल, तर हा बदल करताच विंडोज पुनर्प्राप्तीची किल्ली मागू शकते. ती आधी हाताशी ठेवावी.

तिसरी तक्रार अशी की विंडोजचे विभाजन लिनक्समध्ये उघडते, पण त्यावर काही लिहिता येत नाही. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ सोय संगणक पूर्ण बंद न करता अर्धनिद्रेत ठेवते, म्हणून लिनक्स त्या विभाजनावर लिहिण्याचे टाळते. ही सोय विंडोजमध्ये जाऊन बंद करावी.

चौथी तक्रार घड्याळाची. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, तर विंडोज ते स्थानिक वेळेवर असल्याचे मानते. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ नेमके साडेपाच तास मागे दिसते. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा दिली की दोन्ही घड्याळे जुळतात. परंतु तारीखच काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील ‘सीआर २०३२’ सेल संपला आहे. चुकीच्या तारखेमुळे संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि अद्ययावतीकरणही अडते. अल्प किमतीचा सेल बदलला की ‘इंटरनेट बिघडल्या’ची तक्रार मिटते.

संगणक सुरू होतो, पण आत घेत नाही

संकेतशब्द बरोबर असूनही प्रवेशाचा पडदा पुन्हा पुन्हा येत राहिला, तर प्रथम डिस्क भरली आहे का ते पाहावे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ या कळा एकत्र दाबल्या की अक्षरी पडदा उघडतो. तेथे प्रवेश करून ‘डीएफ -एच’ ही आज्ञा दिली की कोणत्या विभाजनात किती जागा उरली ते कळते. मुख्य विभाजन शंभर टक्के भरले असेल, तर ‘अ‍ॅप्ट क्लीन’ने उतरवलेल्या फायलींचा साठा आणि ‘अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह’ने जुने कर्नल हटवावेत. ‘बूट’ विभाजन वेगळे आणि लहान असेल, तर जुन्या कर्नलांनीच ते भरते.

पडदा काळाच राहत असेल, तर ग्रबच्या यादीत ‘ई’ कळ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडावा आणि एफ १० दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. संगणक असा सुरू झाला, तर ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर बसवणे हे पुढचे काम.

‘इमर्जन्सी मोड’चे कारण अनेकदा ‘एफएस-टॅब’ या फाइलमध्ये असते. काढून टाकलेल्या डिस्कची नोंद तिथे राहिली, तर प्रणाली त्या डिस्कची वाट पाहत अडते. ‘बीएलके-आयडी’ या आज्ञेने विभाजनांची खरी ओळख पाहावी आणि चुकीच्या ओळीपूर्वी ‘हॅश’ चिन्ह टाकून ती निष्प्रभ करावी. दुय्यम डिस्कच्या नोंदीत ‘नोफेल’ हा पर्याय लिहिला की तिच्याअभावी संगणक अडत नाही.

एखादाच कार्यक्रम बिघडला असेल, तर चाचणीसाठी नवा वापरकर्ता तयार करून तो तिथे चालवावा. तिथे व्यवस्थित चालला, तर दोष मूळ वापरकर्त्याच्या लपलेल्या मांडणी फायलींत आहे. त्या पुसण्याऐवजी त्यांचे नाव बदलावे, म्हणजे परतीची वाट खुली राहते. मागील वेळी नेमके काय घडले हे ‘जर्नलसीटीएल -बी -१’ ही आज्ञा सांगते.

मराठी वापरणाऱ्यांसाठी

मराठी इनस्क्रिप्ट कळफलक असलेल्या संगणकावर ‘संकेतशब्द चुकीचा’ हा संदेश अनेकदा फसवा असतो. प्रवेशाच्या पडद्यावर कळफलक मराठीवर राहिला, तर टंकित केलेली प्रत्येक कळ वेगळे अक्षर उमटवते. कोपऱ्यातील भाषाचिन्ह पाहून कळफलक इंग्रजीवर आणावा.

लिनक्सचा अक्षरी पडदा देवनागरी दाखवू शकत नाही. मराठी नावांच्या फायली तिथे चौकोनांच्या रूपात दिसतात, म्हणून त्या बिघडल्या असे समजून पुसू नयेत. चित्रमय पडदा परत आला की नावे पूर्ववत दिसतात. प्रणालीची भाषा मराठी असल्यास आज्ञेपूर्वी ‘लँग=सी’ (‘लँग’ व ‘सी’ मोठ्या अक्षरांत) लिहिले की संदेश इंग्रजीत वाचता येतात.

हात केव्हा आवरावा

डिस्कमधून टकटक आवाज येणे, फाइल उघडण्यास मिनिटे लागणे, नोंदींत वारंवार ‘आय-ओ एरर’ दिसणे ही मरणासन्न डिस्कची लक्षणे होत. ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल देते. बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर ‘एफएससीके’ चालवत बसू नये. प्रत्येक प्रयत्नाने डिस्क अधिक थकते. प्रथम माहिती बाहेर काढावी आणि डिस्क बदलावी. संगणक काही मिनिटांनी आपोआप बंद होत असेल, तर पंख्यातील धूळ पाहावी. कोणत्याही कारणाविना तो मधेच अडकत असेल, तर ‘मेमटेस्ट’ने स्मृती तपासावी.

मराठी जाणणाऱ्यांसाठी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे मराठी पाठ मोफत उपलब्ध आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने डेबियनच्या दुरुस्तीच्या आज्ञा तिलाही लागू पडतात.

माहितीची नियमित प्रत बाहेरील डिस्कवर ठेवणे, एक लाइव्ह पेनड्राइव्ह तयार ठेवणे, शक्य असल्यास यूपीएस लावणे आणि केलेला प्रत्येक बदल वहीत नोंदवणे, ही चार पथ्ये पाळली तर बिघाड झाला तरी नुकसान होत नाही. सगळे उपाय थकल्यावर प्रणाली नव्याने बसवावी लागली, तरी घरातील कोणाचेही काम त्यात बुडत नाही.