एक तार, अनेक घरें

एका नळावर दोन बिऱ्हाडें असलीं कीं कुरबूर ही ठरलेलीच. मग एकाच तारेवर दहा घरांचे टेलिफोन बसविले तर काय होईल? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. टेलिफोनच्या इतिहासांतील फार मोठा काळ अशा सामाईक तारांचा आहे. आणि त्यांवरचे तंटे मिटवितांनाच विजेचें एक सुंदर मर्म मनुष्याच्या हातीं आलें.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचें पेटंट मिळालें तें ७ मार्च १८७६ रोजीं. त्यानंतर दोन वर्षांच्या आंतच, २८ जानेवारी १८७८ रोजीं, अमेरिकेंतील न्यू हेवन शहरीं पहिलें व्यापारी टेलिफोन-एक्स्चेंज उघडलें. त्याचे ग्राहक २१ होते. परंतु तारा अवघ्या ८. म्हणजे सामाईक तार ही मागाहून सुचलेली काटकसर नव्हे. टेलिफोनची ती जन्माची सोबतीण होय. बेल यांचीं मूळ पेटंटें १८९३ व १८९४ सालीं संपलीं, तेव्हां खेड्यांतील शेतकरी वर्गणी काढून स्वतःच तारा ओढूं लागले. घरें मैलमैल अंतरावर. रात्रीं मूल तापानें फणफणलें तर डॉक्टरला आणण्यास घोडा जोडावा लागे. अशा घराला त्या तारेचें मोल काय वाटत असेल, हें निराळें सांगावयास नको.

परंतु तार सामाईक झाली आणि संकटें सुरू झालीं. प्रथम सर्व घरांच्या घंटा माळेंतील मण्यांप्रमाणें एकापुढें एक ओवलेल्या असत. तारेंतील प्रवाहास प्रत्येक घंटेच्या वेटोळ्यांतून जावेंच लागे. घंटा वाजे, पण बोलणें मात्र घरागणिक क्षीण होत जाई. याचें कारण असें. लोखंडावर गुंडाळलेलें वेटोळें प्रवाहांतील बदलास विरोध करतें. बदल जितका शीघ्र, तितका विरोध अधिक. घंटेचा प्रवाह सेकंदास सुमारें २० वेळांच हेलकावतो. त्यास वाट मिळते. मनुष्यवाणीचीं आंदोलनें सेकंदास शेंकडों, हजारों. तीं प्रत्येक वेटोळ्यापाशीं अडखळतात. ज्या यंत्रानें शेजाऱ्यास हांक मारावयाची, तेंच त्याचा शब्द गिळून टाकी!

ही गांठ सोडविली जॉन जे. कार्टी यांनीं. जन्म १८६१ चा; कॉलेजची पायरी न चढतां बोस्टनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्यें ऑपरेटर म्हणून लागलेला हा पोरसवदा मुलगा पुढें मोठा इंजिनियर झाला. १८९१ च्या सुमारास त्यांनीं घंटा माळेंतून काढल्या आणि जाणारी व येणारी अशा दोन तारांच्या दरम्यान, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें, आडव्या जोडल्या. पूर्वीं घंटेचा रोध ८० ओहमच्या आसपास असे. तो मुद्दाम वाढवून १००० ओहम केला. वेटोळ्याचा स्वभाव पूर्वींचाच. पण आतां तें वाटेंत उभें नव्हतें, बाजूच्या दाराशीं उभें होतें. वाणीच्या शीघ्र प्रवाहास त्या दारांत शिरकाव होईना, म्हणून तो सरळ पुढें जाई. घंटेचा मंद प्रवाह तेवढा आंत शिरे. दोष तोच, जागा बदलली आणि तो गुण झाला.

दुसरी अडचण, हांक कोणाची? त्यासाठीं खुणा ठरल्या: एका घरास दोन लांब घंटा, दुसऱ्यास एक लांब व एक आंखूड. पुढें निरनिराळ्या वेगाच्या प्रवाहांनीं हव्या त्या घराचीच घंटा वाजविण्याची युक्ति निघाली.

तिसरें संकट मात्र तारेचें नव्हतें, कानाचें होतें. घंटा शेजारची वाजली तरी चारचौघे आपापले रिसीव्हर उचलून ऐकत. आणि उचललेला प्रत्येक रिसीव्हर आवाजाचा थोडा वांटा खाई. डॉक्टरचा शब्द आईच्या कानीं पोहोंचण्यापूर्वींच शेजाऱ्यांच्या कुतूहलांत विरून जाण्याचें भय असे! यावर शास्त्राजवळ औषध नव्हतें. अखेर अमेरिकेंतील अनेक संस्थानांनीं कायदे करून, संकटसमयीं तार मोकळी न करणें हा गुन्हा ठरविला.

सामाईक तारा पुढें बहुतेक नाहींशा झाल्या. परंतु एकाच इमारतींत एका तारेवर चार-पांच टेलिफोन जोडले कीं तीच शिडी पुनः उभी राहते. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत प्रत्येक यंत्रावर त्याच्या घंटेचा भार दाखविणारा अंक छापूं लागले. सामान्यतः त्यांची बेरीज ५ च्या वर गेली, तर कोणतीच घंटा धड न वाजण्याचा संभव असतो. आणि एक रिसीव्हर नीट ठेवला नाहीं, तर साऱ्या घराची तार अडून बसते. दोष शोधण्याची रीत साधी आहे: सर्व यंत्रें सोडवावीं आणि एकेक करून पुनः जोडावीं; ज्याच्या येण्यानें तार बिघडेल, तें दोषी.

तार सर्वांची असली, तरी तिच्यांतून एका वेळीं एकाचेंच बोलणें नीट जातें. बाकीच्यांनीं तेवढा वेळ बाजूच्या दाराशीं उभें राहावयाचें असतें. कार्टी यांच्या घंटांना हें साधलें. माणसांसाठीं मात्र कायदा करावा लागला.